नळ आवळण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी करायच्या दुरुस्त्यांवर लेख आला आहे. बारा तक्रारी आणि बारा उपाय. मी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. आठ उपायांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तीन उपायांनी काम तर होणार नाहीच, उलट वाढेल. आणि एक उपाय वाचून मी खुर्चीवरून उठलेच. त्याच्याबद्दल आधी लिहिते.

तुंबलेल्या मोरीत आधी ब्लीच ओतावं आणि पाणी उतरलं नाही तर थोड्या वेळाने वरून संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतावं, असं लेखात छापलं आहे. असं कोणीही, कधीही करू नये. मी शाळेच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. मुलांना क्लोरीन दाखवायचा असला की मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावं लागे. तेही एवढंसं, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात आणि काच खाली ओढून. त्या हिरवट पिवळ्या वायूचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. घसा आवळतो, डोळ्यांतून पाणी येतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि त्यात आम्ल पडलं की तोच क्लोरीन निघतो. आपल्या लेखाने वाचकाला हा प्रयोग दार लावलेल्या न्हाणीघरात, मोरीवर वाकून करायला सांगितला आहे. काचा पुसायच्या काही द्रवांमध्ये अमोनिया असतो, त्याच्याशीही ब्लीच मिसळू नये; त्यातून निघणारे वायूही छातीला तितकेच वाईट. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. बाहेर या, मोकळ्या हवेत उभे राहा, आणि जाता जाता हाताशी असली तरच खिडकी उघडा. मोरी तुंबलेली राहू द्या. मोरी थांबते.

आता मोरीचंच बोलायचं तर, तिला औषध पाजण्याआधी ती कुठे तुंबली आहे ते बघावं. एकाच बेसिनचं पाणी उतरत नसेल तर बोळा त्या बेसिनच्या खालीच आहे. बेसिन, न्हाणी, संडास सगळीकडे पाणी एकदम वर यायला लागलं तर अडथळा पुढच्या मोठ्या नळीत आहे. तिथे आपले हात पोचत नाहीत, ज्याचं काम त्याला बोलवावं. एका बेसिनसाठी रबरी वाटीचा दांडा पुरतो, पण दोन गोष्टी कराव्या लागतात. बेसिनच्या काठाजवळ जादा पाणी जाण्याचं जे छोटं भोक असतं त्यात ओलं फडकं कोंबायचं, नाहीतर सगळा जोर त्या भोकातून हवेत जातो. आणि वाटी बुडेल इतकं पाणी बेसिनमध्ये ठेवायचं. रिकाम्या बेसिनवर दांडा दणकावणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज भरपूर होतो.

त्यानेही भागलं नाही तर खालचा बाटलीसारखा ट्रॅप खोलायचा. प्लास्टिकचा असेल तर तो हातानेच फिरतो. खाली बादली ठेवायची. मी पहिल्यांदा खोलला तेव्हा सगळं नीट केलं: बादली ठेवली, ट्रॅप उतरवला, आतला केसांचा आणि साबणाचा काळा गोळा काढला, जुन्या टूथब्रशने घासला. मग समाधानाने बादलीतलं घाण पाणी उचलून समोरच्याच बेसिनमध्ये ओतलं. ट्रॅप माझ्या डाव्या हातात होता. माझ्या दुरुस्तीच्या वहीतली ती पहिली नोंद आहे, आणि तिच्यापुढे मी फक्त ‘पाय’ असं लिहिलं आहे.

वहीचं सांगायलाच हवं. प्रयोगशाळेत एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. निवृत्तीनंतर तीच सवय मी घरातल्या नळांना आणि भिंतींना लावली. आपल्या लेखाशी माझं खरं भांडण इथे आहे. त्यात तक्रार आणि उपाय शेजारी शेजारी छापले आहेत, मधली पायरी गायब आहे. पाणी गळतंय म्हणजे नेमकं कुठून? ओल आली म्हणजे कोणत्या पाण्याची? हे न बघता हात घातला की दुरुस्ती होत नाही, दोष तेवढा झाकला जातो.

उदाहरणार्थ नळ. लेखात म्हटलं आहे, ‘नळ ठिबकत असल्यास घट्ट आवळावा.’ नळ ठिबकतो तेव्हा घरातला प्रत्येक माणूस तेच करत असतो, म्हणून तर तो बिघडतो! फिरवायच्या जुन्या नळात दांड्याच्या टोकाला रबराचा वायसर असतो. तो पितळेच्या एका गोल कडेवर बसतो आणि पाणी थांबतं. वायसर झिजला की थेंब येतो. आपण जोरात आवळतो, वायसर आणखी चेपतो, थेंब दोन दिवस थांबतो, मग आणखी जोरात आवळावं लागतं. शेवटी वायसर फाटतो, आणि त्या फटीतून सतत वाहणारं पाणी खालच्या पितळी कडेला बारीक खाच पाडतं. आधी वायसरवर भागलं असतं, आता नळ बदलायची वेळ येते.

माझ्याकडे हे घडलं आहे. वहीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या नळाला मी चार महिन्यांत तीन वायसर घातले. तिसऱ्या वेळी वायसरच्या नावाने बोटं मोडली. चौथ्या वेळी नळ खोलल्यावर आत टॉर्च मारला आणि कडेवरून करंगळी फिरवली. खाच नखाला लागली. तिन्ही वायसर बिचारे चांगले होते.

वायसर बदलायचा तर मुख्य कॉक किंवा बेसिनखालचा छोटा कॉक बंद करायचा आणि नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्यायचं. मग बेसिनच्या जाळीवर फडकं टाकायचं, कारण स्क्रू खाली पडतोच आणि पडला की नेमका भोकातच जातो. पाना लावण्याआधी नळाला कापड गुंडाळलं तर चकाकी उडत नाही. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा. (आपल्या वर्तमानपत्राचा हा उपयोग मी नियमित करते, राग नसावा.) जुना वायसर दुकानात न्यायचा, ‘साधारण एवढा’ असं बोटांनी दाखवायचं नाही.

अर्ध्या फेऱ्यातच बंद होणाऱ्या नव्या नळांमध्ये वायसर नसतोच. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या ठिबकू लागल्या की आतला सगळा कार्ट्रिज बदलतात. तिथे आवळण्याला काही अर्थच नाही. आणि पाणी तोटीतून न येता वरच्या दांड्याभोवतून झिरपत असेल तर दोष वायसरचा नाही, दांड्याभोवतीच्या पॅकिंगचा आहे. म्हणून मी आधी नळ कोरडा पुसते, वर्तमानपत्राची पट्टी दांड्याभोवती गुंडाळते आणि पाच मिनिटं बसून राहते. पट्टी भिजली की उत्तर मिळालं. बसून राहणं हा दुरुस्तीचा भाग आहे हे आमच्याकडे कोणाला पटत नाही.

एका थेंबाने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. ड्रॉपरमधून साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरहून जास्त, आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. मी मोजपात्र लावून एका रात्री मोजलं आहे. आमचा नळ त्याहून उदार निघाला.

मुख्य कॉक बंद करा, असं मी सहज लिहून गेले. तो कुठे आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक असतं? आणि ठाऊक असला तरी तो फिरतो का? वर्षानुवर्षं न हलवलेला कॉक जाम होतो. आमचे भाऊजी एकदा मदतीला आले. कॉक फिरेना म्हणून त्यांनी पान्याला लांब लोखंडी नळी अडकवली. मी म्हटलं, “भाऊजी, थांबा, जोर नको.” ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही फक्त टॉर्च धरा.” मी टॉर्च धरला. त्या प्रकाशात कॉकचा दांडा मुळापासून तुटला, आणि वरची टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं घरातली सगळी भांडी आळीपाळीने धरून उभे होतो. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी घरातले सगळे कॉक एकदा बंद करून उघडते. पूर्ण उघडले की पाव फेरा मागे आणते, म्हणजे टोकाला चिकटून बसत नाहीत. मुख्य कॉकला लाल सुतळी बांधली आहे. लेखात तीस हत्यारांची यादी आहे, तिच्यात ही सुतळी नाही.

दुसरा निकामी उपाय ओलीचा. पोपडे खरवडा, लांबी (पुट्टी) भरा, जलरोधक रंग द्या. रंगकाम सुंदर दिसेल. एक ऋतू टिकेल. पाणी ज्या वाटेने येत होतं ती वाट उघडीच आहे, त्यामुळे ते नव्या रंगाला फुगे आणेल, नाहीतर शेजारच्या कोपऱ्यातून बाहेर पडेल.

ओल म्हटली की पहिला प्रश्न: पाणी भिंतीतून येतंय की खोलीतल्या हवेतून? यासाठी अगदी साधी परीक्षा आहे. डागाच्या जागी भिंत वरवर कोरडी करायची, हातभर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावायचं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचं. दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीकडच्या बाजूवर दव जमलं तर दमट हवा थंड भिंतीवर येऊन निवते आहे. भिंतीकडची बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतूनच येतंय. माझ्या झोपायच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आली होती. मला सहा महिने न्हाणीघराच्या नळीचा संशय होता आणि गिलावा फोडायची बोलणीही झाली होती. फॉइल खोलीकडून ओली निघाली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि खिडकी रोज उघडी ठेवू लागले. बुरशी पुसली ती परत आली नाही.

दुसऱ्या भिंतीने मात्र दमवलं. न्हाणीघराला लागून असलेल्या या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पपईएवढा डाग होता. फॉइल भिंतीकडून ओली. म्हणजे पाणी आतलं, पण आत तीन प्रकारचं पाणी असतं. दाबाखालच्या नळीला गळती असेल तर ती रात्रंदिवस चालते. सांडपाण्याच्या नळीला असेल तर पाणी सोडलं तेव्हाच. आणि फरशांच्या सांध्यांतून पाणी जात असेल तर भिंतीवर पाणी उडतं तेव्हाच. (छताचं किंवा बाहेरच्या भिंतीचं असेल तर पावसाबरोबर डाग वाढतो, आमचा वाढत नव्हता.) पहिल्या रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहिला आणि पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा पाहिला. तोच होता, म्हणजे मीटरच्या पुढची दाबाची नळी संशयातून सुटली. यासाठी फ्लशची टाकी गळत नाही ना, हे आधी तपासावं लागतं: टाकीत शाईचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलं.

मग डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. आठवडाभर सगळ्यांनी आंघोळ त्या भिंतीपासून लांब बसून, पाणी न उडवता करायची, असं फर्मान काढलं. पाणी मोरीत तेवढंच जात होतं, फक्त भिंतीवर उडत नव्हतं. घरच्यांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. आठव्या दिवशी डाग रेघेच्या आत सरकला होता. दोष नळीत नव्हता, फरशांच्या सांध्यांत होता. सांध्यांतला निघालेला माल खरवडून काढला, चार दिवस ती न्हाणी पूर्ण कोरडी ठेवली आणि सांधे नव्याने भरले. कोपऱ्यात सिलिकॉन लावलं. जुन्या सिलिकॉनवर नवं लावलं तर धरत नाही, आणि ओल्या जागेवर तर मुळीच नाही. लावल्यावर किमान २४ तास पाणी नको. घाई केली तर एका कोपऱ्यातून लांबलचक रबरासारखं सोलून हातात येतं. आधी एकदा आलं होतं.

भिंतीवर पांढरी भुकटी फुटली असेल तर ती क्षारांची असते. ती कोरड्या ब्रशने झाडावी. ओल्या फडक्याने पुसली की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. आणि रंग द्यायची घाई नको. पाणी थांबल्यावरही भिंत वाळायला आठवडे नव्हे, कधी कधी महिने लागतात. भेगांचंही तसंच: केसाएवढी भेग भरून टाका. पण भेग वाढते आहे असं वाटलं तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. खुणेच्या पुढे सरकली, तिरकी पायऱ्यापायऱ्यांनी चढली किंवा तिच्यात पेन्सिलीचं टोक जाऊ लागलं तर लांबी भरू नका, इंजिनीअरला दाखवा.

दाराबद्दल थोडक्यात. अडकणाऱ्या दाराला लेखात लगेच रंधा मारायला सांगितलं आहे. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. ते ढिले झाले की दार झुकतं आणि खालच्या बाजूला घासतं. भोक मोठं झालं असेल तर लाकडाच्या काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर त्यातच स्क्रू पिळा. स्क्रू घट्ट असूनही दार घासत असेल तर चौकटीला खडू फासून दार मिटा, कुठे घासतं ते दारावर उमटेल. आणि दमट दिवसांत रंधा शक्यतो नकोच. फुगलेलं लाकूड कोरड्या हवेत आपोआप आवळतं. आमच्या मागच्या दाराला मी भर पावसाळ्यात रंधा मारला. आता उन्हाळ्यात त्याच्या फटीतून पलीकडचं सगळं अंगण दिसतं.

विजेचं काम मी मर्यादेत करते. छताचा पंखा आवाज न करता नुसता मंद झाला असेल तर बहुधा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो. त्यावर जो मायक्रोफॅरडचा आकडा छापला आहे (बऱ्याच पंख्यांना २.५ असतो) तोच आणावा. पंखा जास्त पळेल म्हणून मोठा बसवू नये, त्याने आतली तारेची वेटोळी तापतात. नुसतं बटण बंद करून शिडीवर चढायचं नाही, मेन बंद करायचा. टेस्टरवर एकट्यावर भरवसा नको: आधी तो चालू जागी लावून पेटतो का बघायचं, मग काम करायच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. काढलेल्या कपॅसिटरच्या वायरींना बोट लावायचं नाही, त्यात वीज साठलेली असू शकते. एमसीबी (वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारा खटका) सारखा पडत असेल तर सगळे प्लग काढून एकेक परत लावत जायचं, ज्याच्यावर पडतो तो दोषी. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष बहुधा वायरिंगमध्ये. जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. बोर्ड गरम लागतो, चरचरतो, जळका वास येतो, यातलं काहीही झालं की मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलावते आणि वहीत ‘हात लावला नाही’ असं लिहिते. गॅसच्या बाबतीत साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघण्यापलीकडे काहीच करत नाही. खोलीत गॅसचा वास भरला असेल तर तेही नाही: दिव्याचं बटण चालू किंवा बंद न करता खिडक्या उघडून बाहेर.

आपल्याला विनंती एकच. नळ आणि ओल यांच्याबद्दल माझं पत्र छापलंत तर ठीक, नाही छापलंत तरी हरकत नाही. पण ब्लीच आणि अ‍ॅसिडचा तो मुद्दा येत्या रविवारच्या पुरवणीत, ज्या पानावर लेख आला होता त्याच पानावर, चौकटीत दुरुस्त करावा. आतल्या पानावर बारीक अक्षरात नको. असे लेख लोक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात, माझ्या बहिणीने चिकटवलाही आहे. मी काल तिच्याकडे जाऊन आठव्या उपायावर लाल पेनाने फुली मारून आले.

आपली,
एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक)